फ्रीडरिश पाउलुस आणि सहावी आर्मी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टालिनग्राडचा विषय निघाला की पाउलुसबद्दल तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. प्रश्नांना नंबर आहेत, एकात सांगितलेलं दुसऱ्यात परत सांगत बसलो नाही, तिथे फक्त नंबर दिलाय.

१. हा पाउलुस कोण, आधी थोडक्यात सांगा ना.

जर्मन सैन्यातला फील्ड मार्शल. जन्म २३ सप्टेंबर १८९०, मृत्यू १ फेब्रुवारी १९५७. १९४२ मध्ये त्याच्या हाताखाली जर्मनीची सहावी आर्मी होती, ती व्होल्गाकाठी स्टालिनग्राडला (आजचं वोल्गोग्राड) वेढ्यात अडकली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली. जिवंत शत्रूच्या हाती लागलेला तो पहिला जर्मन फील्ड मार्शल, आणि तेसुद्धा फील्ड मार्शल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती भानगड प्रश्न १३ मध्ये आहे.

२. पाउलुस, पॉलस, की फॉन पाउलुस?

जर्मन उच्चार पाउलुसच्या जवळचा आहे, पॉलस लिहिलं तरी लोकांना कळतं. पण 'फॉन' लावू नका. ते सरदार-जमीनदार घराण्यांचं बिरुद आहे आणि हा साध्या मध्यमवर्गीय घरातला माणूस. बऱ्याच जुन्या पुस्तकांत 'फॉन पाउलुस' छापलंय, ते चूक. चूक होण्यामागे कारण असं की मोठे जर्मन सेनापती बहुतेक फॉनवाले असायचे, आणि याचं राहणीमान तर त्यांच्याहून टापटीप, कडक इस्त्री, हातमोजे, कपड्यावर धुळीचा डाग चालायचा नाही. बायको मात्र खरोखर खानदानी होती, एलेना रोझेट्टी-सोलेस्कू, रुमानियातल्या सरदार घराण्यातली. लग्न १९१२ मध्ये झालं.

३. घराणं लष्करी होतं का? सैन्यात आला कसा?

अजिबात नाही. वडील हेसे भागातल्या ब्रायटेनाउ इथल्या एका सुधारगृहात हिशेब बघायचे. पोराला आरमारात जायचं होतं, आरमाराने घेतलं नाही. मग मारबुर्गला कायद्याचं शिक्षण सुरू केलं, ते अर्धवट सोडून फेब्रुवारी १९१० मध्ये एका इन्फंट्री रेजिमेंटमध्ये कॅडेट म्हणून भरती झाला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स, बाल्कन, रुमानिया असं सगळीकडे फिरला, व्हर्दूनलाही होता, शेवटी कॅप्टन झाला. पण तेव्हापासूनच त्याचं काम जास्त करून स्टाफवर, म्हणजे नकाशे, ऑर्डरी, रसदीचे हिशेब. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडतं.

४. रोमेल आणि पाउलुस एकमेकांना ओळखायचे का?

हो, चांगलेच. रोमेल म्हणजे पुढे आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढायांनी गाजलेला जर्मन सेनापती. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात दोघं श्टुटगार्टला एकाच १३ व्या इन्फंट्री रेजिमेंटमध्ये कंपनी कमांडर होते. स्वभाव मात्र दोन टोकं. रोमेल म्हणजे आधी उडी आणि मग हुकूम, पाउलुस म्हणजे आधी फाइल, मग परत फाइल, मग हुकूम.

एप्रिल १९४१ मध्ये तर रोमेल काय करतोय ते बघायलाच पाउलुसला आफ्रिकेत पाठवला होता. रोमेल टोब्रुकवर (लिबियातलं बंदर) डोकं आपटत होता आणि बर्लिनमध्ये सगळ्यांना घाम फुटला होता. पाउलुस तिथे असतानाच ३० एप्रिलचा हल्ला झाला, त्याला याने परवानगी दिली, तो फसला, आणि मग याने रिपोर्ट दिला की आता हे थांबवा, रसद पुरत नाहीये. (टोब्रुक मराठी माणसाला अगदीच परकं नाही, जून १९४२ मध्ये रोमेलने ते घेतलं तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन तिथे कैद झाली.) रसद पुरत नसताना पुढे गेलं की काय होतं हे पाउलुसने दुसऱ्याच्या बाबतीत बरोबर लिहून दिलं होतं.

५. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो काय करत होता? लढला का?

सेनापती म्हणून नाही. १९३९ ला जनरल फॉन रायशेनाउच्या दहाव्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून पोलंडमध्ये. त्याच आर्मीचं नाव नंतर बदलून सहावी आर्मी झालं आणि १९४० मध्ये ती हॉलंड-बेल्जियममध्ये घुसली. जोडी भारी जमायची, रायशेनाउ आडदांड, आघाडीवर मिरवणारा, कागद बघायचा कंटाळा असलेला, आणि मागे पाउलुस सगळं नीट लावून देणारा.

सप्टेंबर १९४० मध्ये त्याला मुख्यालयात जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याच्या हाताखाली उपप्रमुख केलं. तिथे त्याने सोव्हिएत युनियनवरच्या हल्ल्याच्या प्लॅनवर, म्हणजे बार्बारोसावर काम केलं, डिसेंबर १९४० मध्ये नकाशावरचे युद्धसराव त्यानेच घेतले. त्यामुळे 'बिचारा हुकमाचा ताबेदार' असं जे काही लोक म्हणतात त्यांनी हे विसरू नये, ज्या मोहिमेत तो बुडाला तिचा आराखडा काढणाऱ्यांत तो होता.

६. मग एवढी मोठी आर्मी त्याच्या हातात दिलीच कशी?

हा प्रश्न जर्मन अधिकाऱ्यांनी पण विचारला होता. पाउलुसने त्याआधी डिव्हिजन चालवली नव्हती, कोअर (अनेक डिव्हिजन मिळून होणारं दल) चालवली नव्हती, १९३४ च्या सुमाराला एक मोटार बटालियन सांभाळली होती तेवढीच. आणि जानेवारी १९४२ मध्ये थेट आख्खी आर्मी!

झालं असं की डिसेंबर १९४१ मध्ये रायशेनाउला बढती मिळून आर्मी ग्रुप साउथ (दक्षिणेकडच्या अनेक आर्म्या मिळून) मिळाला, त्याने आपल्या जुन्या चीफ ऑफ स्टाफचं नाव पुढे केलं, आणि हिटलरलाही न भांडणारा, नीटनेटका, सरदारी नखरा नसलेला माणूस पसंत पडला. रायशेनाउच्या डोक्यात बहुतेक असं असावं की वर मी आहेच. पण १७ जानेवारीला रायशेनाउच मेला, झटका आला होता. म्हणजे पाउलुसने खुर्चीवर बस्तान बसवायच्या आत पाठीवरचा हात गेला.

७. तो सेनापती म्हणून कच्चाच होता का? मग खारकोव्ह कसं जिंकलं?

कच्चा म्हणणं अन्याय आहे. मे १९४२ मध्ये सोव्हिएत सैन्याने खारकोव्हच्या बाजूने मोठा हल्ला केला, १२ मेला सुरू झाला, सहाव्या आर्मीची सुरुवातीला दमछाक झाली पण तिने तग धरला, आणि मग दक्षिणेकडून जर्मन जनरल क्लाइस्टच्या टँकनी येऊन सोव्हिएत सैन्याची वाट बंद केली. तिथे सोव्हिएत फौजेचं अक्षरशः पानिपत झालं, दोन लाखांवर माणसं गेली किंवा कैद झाली. पुढे ऑगस्टमध्ये त्याला नाइट्स क्रॉस हे मोठं लष्करी पदक मिळालं.

पण खारकोव्हमधून तो काय शिकला ते बघा. कठीण प्रसंगी वरून सांगितलं तसं टिकून राहिलं की शेवटी वरचेच आपल्याला सोडवतात. माझ्या मते सहा महिन्यांनी हाच धडा त्याला महागात पडला.

८. स्टालिनग्राडच का? तिथे जायची गरज होती का?

मूळ उन्हाळी मोहीम होती कॉकेशसच्या तेलासाठी, स्टालिनग्राडचं काम बगल सांभाळणं आणि व्होल्गावरची वाहतूक तोडणं एवढंच. २३ जुलै १९४२ च्या हुकमात हिटलरने फौजा दोन दिशांना पाठवल्या, एक तेलाकडे, एक स्टालिनग्राडकडे, दोन्हीकडे अपुऱ्या. २३ ऑगस्टला जर्मन टँक शहराच्या उत्तरेला व्होल्गापर्यंत पोचले, त्याच दिवशी शहरावर भयानक बॉम्बफेक झाली ज्यात हजारो सामान्य नागरिक मेले. सप्टेंबरपासून लढाई गल्ल्यांत, कारखान्यांत, जिन्यांवर आली आणि तिथे सोव्हिएत जनरल चुइकोव्हची ६२ वी आर्मी नदीला पाठ लावून बसलेली. मोकळ्या मैदानात टँक पळवायची सवय असलेल्या सैन्याला खोली-खोलीची लढाई लावायची म्हणजे रणगाडा घेऊन उंदीर मारायला जाण्यासारखं.

९. वेढा पडला तेव्हा पाउलुस झोपला होता का? दिसलं कसं नाही?

दिसलं होतं. सहाव्या आर्मीच्या दोन्ही बगलांना रुमानियन फौजा होत्या, उत्तरेला तिसरी आणि दक्षिणेला चौथी रुमानियन आर्मी, त्यांच्याकडे टँक थोपवण्याच्या तोफा नावापुरत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मदतीला मागे ठेवलेल्या एका जर्मन पँझर डिव्हिजनचे टँक सुरूच होईनात कारण थंडीपासून वाचवायला त्यांच्यावर पेंढा टाकलेला आणि पेंढ्यात शिरलेल्या उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. ही थाप नाही.

१९ नोव्हेंबरला उत्तरेकडून आणि २० ला दक्षिणेकडून सोव्हिएत हल्ला आला, २३ नोव्हेंबरला दोन्ही टोकं कलाचजवळ भेटली. आत अडकलेल्यांचा आकडा अडीच ते तीन लाखांच्या मधला धरतात, त्यात रुमानियन आणि जर्मनांसाठी काम करणारे सोव्हिएत लोक पण आले. पाउलुसची चूक माझ्या मते इथे आहे की बगलेवर धोका दिसत असताना त्याने आपले टँक शहरातल्या गल्ल्यांमधून काढून वेळेत मोकळे ठेवले नाहीत. हातात राखीव काहीच नव्हतं.

१०. तो वेढ्याच्या बाहेर होता आणि परत आत गेला हे खरंय?

खरंय आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. सोव्हिएत टँक जवळ आल्यावर त्याने मुख्यालय हलवलं आणि २१ नोव्हेंबरला तो निझने-चिरस्कायाला होता, म्हणजे वेढा ज्या भागात पडत होता त्याच्या बाहेर. हिटलरचा हुकूम आला की आत जा, आपल्या सैन्याबरोबर राहा. २२ ला तो विमानाने आत गेला, गुमराकच्या विमानतळाजवळ. पळपुटा म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे, बाकी आरोप काहीही करा.

११. विमानाने रसद पुरवू असं हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने सांगितलं होतं ना? नक्की किती पोचली?

सहाव्या आर्मीला रोज ७०० टनांच्या आसपास हवं होतं, कसंबसं जगायला ५०० टन. प्रत्यक्षात सरासरी पोचलं दिवसाला सुमारे १०० टन. तिथल्या हवाई दलाचा जनरल फीबिश पहिल्याच दिवसांत सांगत होता की हे शक्य नाही, धुकं, बर्फ, विमानं अपुरी, पण बर्लिनला ते ऐकायचं नव्हतं. पुरवठ्याच्या प्रयत्नात जवळपास ४९० विमानं गेली. परतीच्या विमानांनी पंचवीस हजारांच्या वर जखमी बाहेर काढले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आत माणसं घोडे मारून खात होती. घोडे सुद्धा पुरेसे नाहीत, कारण हिवाळ्यात चारा लागेल म्हणून बरेचसे आधीच मागे पाठवून दिलेले. १६ जानेवारीला पितोम्निकचा विमानतळ गेला, मग आठवड्याभरात गुमराक, त्यानंतर फक्त पॅराशूटने पेट्या पडायच्या आणि त्यातल्या कितीतरी शत्रूच्या बाजूला.

१२. सगळ्यात महत्त्वाचं: त्याने वेढा फोडून बाहेर पडायचं का नाही ठरवलं?

याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण प्रश्न एक नाही, तीन वेगवेगळ्या वेळा आहेत.

पहिली वेळ, २३-२४ नोव्हेंबर. वेढा नुकताच बंद झालेला, सोव्हिएत कडं अजून पातळ. पाउलुसने हिटलरकडे मोकळीक मागितली, कोअर कमांडरांचंही तेच मत होतं. २४ ला उत्तर आलं, जागेवर राहा, विमानाने रसद येईल. २५ ला त्याच्याच हाताखालच्या जनरल फॉन सायडलित्झने लेखी दिलं की सैन्य वाचवायचं असेल तर हुकूम मोडा आणि निघा. पाउलुसने नाही मोडला. त्याचं म्हणणं, मला एका कोपऱ्यातलं दिसतंय, वरच्यांना सगळी आघाडी दिसते, मी निघालो तर कॉकेशसमधलं सैन्य पण कापलं जाईल. हा अगदीच फालतू मुद्दा नव्हता. पण निघायचं असतं तर हीच वेळ होती, माणसांच्या पोटात अन्न होतं आणि टँकमध्ये थोडंफार पेट्रोल.

दुसरी वेळ, १२ ते २३ डिसेंबर. वेढ्याबाहेरच्या जर्मन आर्मी ग्रुपचा प्रमुख मानस्टाइनने जनरल होथचे टँक सोडवायला पाठवले, ते मिश्कोवा नदीपर्यंत आले, वेढ्यापासून साधारण ४८ किलोमीटर. आता आतून बाहेर धडक मारायची की नाही? मानस्टाइनने पुढे आठवणींमध्ये सगळं पाउलुसच्या गळ्यात मारलं की मी सांगत होतो, हा हलला नाही. पण स्वतः मानस्टाइनने 'हिटलर काहीही म्हणो, निघ' असा स्वच्छ हुकूम कधी दिलाच नाही, दोघं एकमेकांकडे बघत राहिले की कागदावर सही कोण करतो. त्यात पाउलुसच्या टँकना जेमतेम ३० किलोमीटर पुरेल एवढं पेट्रोल आणि माणसं उपासमारीने खंगलेली. ही तीसची आणि अठ्ठेचाळीसची वजाबाकी पाउलुससारखा हिशेबी माणूस रोज करत असणार. नाताळच्या आधीच होथला मागे फिरावं लागलं.

तिसरी वेळ, जानेवारी. तेव्हा बाहेर पडणं सोडाच, चालणं सुद्धा होत नव्हतं. प्रश्न फक्त शरण जायचा होता. ८ जानेवारीला सोव्हिएत बाजूने शरणागतीच्या अटी पाठवल्या, जेवण, औषधं, युद्धानंतर घरी जायची हमी. नाकारल्या. १० ला शेवटचा हल्ला सुरू झाला. २४ ला पाउलुसने स्वतः शरण जायची परवानगी मागितली, हिटलर नाही म्हणाला, आणि हा आणखी आठवडाभर थांबला. पहिल्या दोन वेळांसाठी मी त्याला थोडी सूट देतो. तिसऱ्यासाठी नाही देत, कारण त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत जी माणसं थंडीने आणि भुकेने गेली त्यांच्या मरण्याने कुठल्याही नकाशावर फारसं काही बदलणार नव्हतं.

१३. हरत असताना त्याला फील्ड मार्शल का केलं?

बक्षीस नव्हतं ते, इशारा होता. जर्मन फील्ड मार्शल जिवंत शरण जात नाही अशी समजूत होती, तेव्हा ३० जानेवारी १९४३ ला बढती देऊन हिटलरने जवळजवळ पिस्तूलच पाठवलं म्हणा. त्याच दिवशी नाझी सत्तेला दहा वर्षं झाली म्हणून गोरिंगचं रेडिओवर भाषण होतं, त्यात स्टालिनग्राडची तुलना थर्मोपिलीशी (प्राचीन ग्रीसमधली लढाई, जिथे स्पार्टाचे सैनिक शेवटपर्यंत लढून मेले) केली, आणि तळघरांत अजून जिवंत असलेल्या सैनिकांनी स्वतःचा मृत्युलेख स्वतःच्या कानांनी ऐकला.

पाउलुसने आत्महत्या केली नाही. ३१ ला सकाळी तो उनिव्हरमाग या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून बाहेर आला. सोव्हिएत ६४ व्या आर्मीच्या मुख्यालयात ओळखपत्र मागितलं तर त्यावर हुद्दा जुनाच, त्याला तोंडाने सांगावं लागलं की कालपासून मी फील्ड मार्शल आहे. हिटलर भयंकर चिडला आणि म्हणाला की या युद्धात मी आता आणखी कुणाला फील्ड मार्शल करणार नाही. केले मात्र, १ फेब्रुवारीलाच क्लाइस्ट, वाइक्स आणि बुश.

१४. शरणागतीवर त्याने सही केली का?

इथे बरेच जण फसतात. संपूर्ण सहाव्या आर्मीच्या शरणागतीचा कागद पाउलुसने सही केलेला नाही. तळघरात बोलणी केली ती जनरल रोस्केने आणि चीफ ऑफ स्टाफ श्मिटने, फील्ड मार्शल साहेब बाजूच्या खोलीत. अजून लढत असलेल्या उत्तरेकडच्या भागाला शरण यायचा हुकूम द्या असं सोव्हिएत अधिकाऱ्यांनी सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला, आता मी कैदी आहे, माझा हुकूम चालत नाही म्हणे. तिथला जनरल श्ट्रेकर २ फेब्रुवारीपर्यंत लढत राहिला. म्हणून काही ठिकाणी लढाईची शेवटची तारीख ३१ जानेवारी दिसते आणि काही ठिकाणी २ फेब्रुवारी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

१५. खरा सूत्रधार आर्थर श्मिट होता असं वाचलं, खरं का?

अर्धं. श्मिट कट्टर, हट्टी, आवाज चढवून बोलणारा, आणि पाउलुसला शेवटच्या महिन्यांत डिसेंटरी झालेली, डोळ्याची पापणी सारखी उडायची, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटायचं की आर्मी श्मिटच चालवतोय. पण सेनापती पाउलुस होता, जबाबदारी चीफ ऑफ स्टाफवर ढकलायची पद्धत कुठल्याच सैन्यात नाही. गंमत अशी की हाच पाउलुस आयुष्यभर दुसऱ्यांचा चीफ ऑफ स्टाफ होता, आणि स्वतः सेनापती झाल्यावर मात्र आपल्या चीफच्या मागे उभा राहिला.

१६. ९१ हजार कैद्यांपैकी फक्त पाच-सहा हजार परत आले हे खरंय का? मारून टाकले का?

आकडे साधारण बरोबर आहेत, शेवटचे १९५५ मध्ये परतले. पण बहुसंख्य गोळ्या घालून मारले गेले असं नाही. वेढ्यातच ती माणसं उपासमारीने अर्धमेली झालेली, त्यात टायफस, कडाक्याची थंडी, छावण्यांमध्ये अन्न-औषधांची बोंब, पहिल्या काही महिन्यांतच बहुतेक गेले. वाटेत मारहाण आणि गोळ्याही झाल्या. आणि वेढ्यात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या सोव्हिएत कैद्यांचं काय झालं हेही विचारा, त्यांना शेवटी शेवटी खायला काहीच दिलं गेलं नाही. अधिकाऱ्यांच्या वाट्याला बरी छावणी आली, पाउलुसला तर फारच बरी.

१७. स्टालिनने आपल्या मुलाच्या बदल्यात पाउलुसला द्यायला नकार दिला?

स्टालिनचा मुलगा याकोव्ह १९४१ पासून जर्मनांच्या कैदेत होता आणि एप्रिल १९४३ मध्ये झाक्सेनहाउझेनच्या छावणीत मेला, एवढं पक्कं. अदलाबदलीचा प्रस्ताव आला आणि स्टालिनने 'लेफ्टनंटच्या बदल्यात मार्शल देत नाही' असं सुनावलं ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, वाक्य इतकं घोटीव आहे की ते ऐकीव म्हणूनच सांगत चला.

१८. तो हिटलरच्या विरोधात कधी गेला?

लगेच नाही गेला. १९४३ मध्ये सायडलित्झने (प्रश्न १२ मधलाच) कैदेतल्या अधिकाऱ्यांची हिटलरविरोधी संघटना उभी केली तेव्हा पाउलुसने अंग चोरलं. २० जुलै १९४४ ला हिटलरवर हल्ल्याचा प्रयत्न फसला आणि ओळखीच्या अधिकाऱ्यांना फासावर चढवलं, तेव्हा कुठे ८ ऑगस्टला त्याने रेडिओवरून जर्मनांना हिटलरला दूर करा म्हणून आवाहन केलं. त्याची किंमत घरच्यांनी मोजली, एलेनाला नवऱ्याचं नाव टाक असं सांगितलं, तिने टाकलं नाही, तिला अटक झाली. जुळ्या मुलांपैकी एक त्याआधीच इटलीत आंझिओला मारला गेला होता.

१९. न्यूरेंबर्गला तो आरोपी होता का? त्याच्यावर युद्धगुन्हे आहेत की नाहीत?

आरोपी नाही, सोव्हिएत बाजूचा साक्षीदार. ११ फेब्रुवारी १९४६ ला तो कोर्टात उभा राहिला तेव्हा सगळे उडालेच, आणि त्याने सांगितलं की सोव्हिएत युनियनवरचा हल्ला आधीपासून ठरवून केलेलं आक्रमण होतं. त्या प्लॅनमध्ये तो स्वतः होता (प्रश्न ५), म्हणून आरोपींच्या बाकावरचे लोक दात-ओठ खात होते.

गुन्ह्यांचं म्हणाल तर ज्यूंच्या आणि नागरिकांच्या कत्तलींना पाठबळ देणारा ऑक्टोबर १९४१ चा कुप्रसिद्ध हुकूम रायशेनाउचा, बाबी यार (कीव्हजवळची ज्यूंची सामूहिक कत्तल) पण त्याच्याच काळातलं. पाउलुसने आल्यावर तो हुकूम मागे घेतला असं मानतात. पण म्हणून हात स्वच्छ होत नाहीत, त्याच्या आर्मीच्या भागात नागरिकांना घरातून हुसकावणं, मजुरीला नेणं, उपाशी मारणं चालूच राहिलं.

२०. सुटका कधी झाली आणि शेवटी कुठे राहिला?

१९५३ मध्ये सोडलं, पण पश्चिमेकडे नाही, पूर्व जर्मनीत. ड्रेस्डेनला बंगला मिळाला आणि लष्करी इतिहासाच्या संशोधनाचं काम. तिथे तो अधिकाऱ्यांपुढे स्टालिनग्राडवर व्याख्यानं द्यायचा, नकाशा, बाण, आकडे, म्हणजे फिरून पुन्हा स्टाफचंच काम. शेवटच्या वर्षांत स्नायू निकामी होत जाणारा एएलएसचा आजार झाला, डोकं शाबूत आणि शरीर हलेना, आणि १ फेब्रुवारी १९५७ ला गेला, शरणागतीला चौदा वर्षं आणि एक दिवस झाला होता.

एलेना १९४९ मध्येच बाडेन-बाडेनला वारली होती. १९४२ नंतर दोघांची भेट झालीच नाही. ते गाव पश्चिम जर्मनीत, जिवंतपणी तो तिकडे राहायला गेला नाही, मेल्यावर त्याला तिथे नेलं आणि तिच्या शेजारी पुरलं.